गळ टाकणारा ग्रंथकार : आयझॅक वॉल्टन
(द्वितीय वर्ष, कला)

इंग्रजी वाङ्मयाच्या इतिहासात सतराव्या शतकाचे प्रकरण उघडले की डन, मिल्टन, ड्रायडन अशी भारदस्त नावे एकामागून एक येऊ लागतात. ही सारी मंडळी ऑक्सफर्ड-केंब्रिजच्या छायेत वाढलेली, लॅटिन-ग्रीक कोळून प्यालेली. त्यांच्याच पंक्तीला एक असा माणूस बसलेला दिसतो की ज्याने विद्यापीठाची पायरी कधी चढली नाही, ज्याचे तारुण्य लंडनच्या एका गजबजलेल्या रस्त्यावर कापड विकण्यात गेले, आणि ज्याने साठीच्या उंबरठ्यावर मासे कसे पकडावेत या विषयावर एक छोटेखानी पुस्तक छापले. त्याचे नाव आयझॅक वॉल्टन. त्याचे 'द कम्प्लीट अँग्लर' हे पुस्तक १६५३ साली प्रसिद्ध झाले. गळाने मासे पकडण्यात पारंगत असलेला माणूस, असा या नावाचा अर्थ. तेव्हापासून आजतागायत या पुस्तकाच्या शेकडो आवृत्त्या निघाल्या आहेत, आणि ज्यांनी आयुष्यात कधी गळ हातात धरला नाही अशा लोकांनीही ते आवडीने वाचले आहे.

वॉल्टनचा जन्म इंग्लंडच्या मध्यभागातील स्टॅफर्ड गावी झाला. २१ सप्टेंबर १५९३ रोजी तेथील चर्चमध्ये त्याचा बाप्तिस्मा झाल्याची नोंद आहे. वडील खाणावळ चालवीत. आयझॅक जेमतेम तीन वर्षांचा असताना ते वारले. आईने दुसरे लग्न केले, तेही एका खाणावळवाल्याशीच. मुलाला गावातच थोडेफार शिक्षण मिळाले असावे. पुढे त्याला लंडनला धाडण्यात आले. तेथे त्याच्या बहिणीचे यजमान थॉमस ग्रिन्सेल कापडाच्या धंद्यात होते, त्यांच्या हाताखाली तो उमेदवारी करू लागला. त्या काळच्या लंडनमध्ये व्यापाऱ्यांचे संघ असत आणि संघाचा सभासद झाल्याखेरीज कोणाला स्वतःच्या नावाने धंदा करता येत नसे. १६१८ साली वॉल्टन लोखंडवाल्यांच्या संघाचा सभासद झाला. धंदा कापडाचा आणि संघ लोखंडाचा, हे आपल्याला विचित्र वाटते. पण ज्याच्याकडे उमेदवारी केली त्याचा जो संघ तोच शिष्याचा, अशी तेथील रीत होती.

१६२४ च्या सुमारास फ्लीट स्ट्रीटवर त्याचे दुकान होते. संपूर्ण दुकान म्हणावे तर तेही नव्हे. एकाच जागेत एका बाजूस मोजे विकणारा एक व्यापारी आणि दुसऱ्या बाजूस वॉल्टन. हे वाचताना मला आमच्या गावच्या बाजारपेठेची आठवण झाली. माझे वडील गेली अनेक वर्षे कापडाच्या दुकानात कामाला आहेत. ठाण उलगडायचे, गजाने मोजायचे, गिऱ्हाईक उठून गेले की पुन्हा घडी घालून ठेवायचे, यातच त्यांचा दिवस जातो. आमच्या घरातून कॉलेजात येणारा मी पहिलाच. त्यामुळे असल्या धंद्यातला माणूस ग्रंथकार होतो म्हणजे नेमके काय होते, याचे मला पहिल्यापासून कुतूहल होते.

झाले ते असे. वॉल्टनचे दुकान ज्या पॅरिशमध्ये होते तेथील सेंट डन्स्टन चर्चमध्ये १६२४ साली नवे धर्मोपदेशक आले, ते म्हणजे सुप्रसिद्ध कवी जॉन डन. दर रविवारी हा कापडवाला त्यांचे प्रवचन ऐकायला जाऊ लागला. ओळख झाली, ओळखीचा स्नेह झाला. डनच्या स्नेह्यांत सर हेन्री वॉटन हे मुत्सद्दी होते. ते पुढे ईटनच्या विद्यालयाचे प्रमुख झाले, आणि त्यांनाही गळ टाकण्याचा नाद होता. १६३१ साली डन वारले. त्यांच्या प्रवचनांचा संग्रह काढायचे ठरले, आरंभी चरित्र लिहिण्याचे काम वॉटन यांनी पत्करले आणि माहिती गोळा करण्यासाठी वॉल्टनला हाताशी घेतले. परंतु १६३९ च्या अखेरीस वॉटनही गेले. संग्रह तर छापायला निघालेला. तेव्हा जमवलेली माहिती ज्याच्यापाशी होती त्या दुकानदारानेच लेखणी उचलली. १६४० साली प्रवचनांच्या त्या जाडजूड ग्रंथाच्या आरंभी डनचे चरित्र छापले गेले, ते वॉल्टनचे. पुढे त्याने वॉटन, हूकर, जॉर्ज हर्बर्ट आणि बिशप सँडरसन यांचीही चरित्रे लिहिली. डॉ. जॉन्सनसारखा कडक परीक्षक या चरित्रांवर बेहद्द खूष होता.

ज्या वर्षी डनचे चरित्र छापले गेले त्याच वर्षी वॉल्टनची पत्नी रेचेल वारली. दोघांचे लग्न १६२६ सालचे. त्यांना सात मुले झाली, आणि सातांपैकी एकही जगले नाही. सात मुले गेली आणि त्यांची आईही गेली. वॉल्टनने याविषयी कोठे विलाप करून ठेवलेला नाही. १६४७ च्या सुमारास त्याने ॲन केन हिच्याशी दुसरा विवाह केला. या विवाहातून एक मुलगी आणि एक मुलगा एवढी दोन अपत्ये जगली.

घराबाहेरही काळ भीषण होता. १६४२ साली राजा आणि पार्लमेंट यांच्यात युद्ध पेटले. १६४९ साली राजा पहिला चार्ल्स याचा शिरच्छेद झाला. वॉल्टन राजपक्षाचा होता, त्याचे बहुतेक मित्र जुन्या पंथाचे धर्मोपदेशक होते, आणि त्यांच्या जागा एकेक करून गेल्या. १६५१ च्या सप्टेंबरात वूस्टरच्या लढाईत दुसऱ्या चार्ल्सचा पराभव झाला आणि तो वेष पालटून पळाला. त्याचे एक रत्नजडित राजचिन्ह मागे राहिले होते. ते हातोहात लपवीत शेवटी स्टॅफर्डला वॉल्टनच्या हाती आले आणि त्याने ते लंडनला नेऊन टॉवरच्या तुरुंगात असलेल्या कर्नल ब्लेगच्या स्वाधीन केले. ब्लेग तुरुंगातून निसटला आणि ते राजापर्यंत पोचले. सापडता तर वॉल्टनची धडगत नव्हती. अठ्ठावन्न वर्षांच्या शांत स्वभावाच्या व्यापाऱ्याने हे केले, आणि नंतर दोनच वर्षांनी त्याचे माशांवरचे पुस्तक आले.

पुस्तकाची किंमत अठरा पेन्स होती आणि मुखपृष्ठावर लेखकाचे नाव नव्हते. मे महिन्यातल्या एका सकाळी लंडनबाहेर टॉटनहॅमच्या चढणीवर काही वाटसरू भेटतात आणि गप्पा मारीत ली नदीच्या काठाने चालू लागतात. पहिल्या आवृत्तीत मासे पकडणारा आणि वाटसरू अशी दोनच पात्रे होती. १६५५ च्या दुसऱ्या आवृत्तीत तीन झाली : मासे पकडणारा, शिकारी आणि ससाणे पाळणारा. प्रत्येकजण आपल्या नादाची थोरवी सांगतो, आणि अखेरीस शिकारी माणूस गळवाल्याचा शिष्य बनतो. मग पाच दिवस नदी, पाऊस आला की झाडाचा आडोसा, रात्री स्वच्छ चादरीची खाणावळ, गाणी, भाजलेला मासा. साऱ्या पुस्तकात युद्ध कोठे नाही. कोणी म्हणेल हा पळपुटेपणा. मला तसे वाटत नाही. राजाचे रत्नजडित चिन्ह खिशात घालून शत्रूच्या शहरात जाणारा माणूस पळपुटा कसा म्हणावा? ज्यांच्या जागा गेल्या, ज्यांची घरे मोडली, अशा आपल्या मित्रांना तो काही दिवस नदीकाठी घेऊन जातो, एवढेच.

येथे एक अडचण सांगून टाकतो. मौज म्हणून जीव मारणे हे आपल्या मनाला सहज रुचत नाही. आमच्याकडे नदीवर गळ टाकतात तो कालवणासाठी. सकाळी ओल्या मातीतून गांडुळे काढायची, गळाला लावायची, दुपारपर्यंत चार मासे मिळाले तर घरी चूल पेटते. पण छंद म्हणून मासे धरणे हे केवळ साहेबाचेच खूळ आहे असेही नव्हे. मराठीच्या पेपरासाठी आपण 'मानसोल्लास' या ग्रंथाचे नाव पाठ करतो, कारण त्यात जुन्या मराठीच्या खुणा सापडतात. चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या या बाराव्या शतकातील संस्कृत ग्रंथात मत्स्यविनोद म्हणून एक भाग आहे. त्यात माशांच्या जाती आणि गळाने त्यांना धरण्याचा राजेलोकांचा खेळ यांचे वर्णन आहे. वॉल्टनच्या आधी पाचशे वर्षे ही गोष्ट लिहिली गेली.

आता वॉल्टनच्या विद्येकडे वळू. तो खरा रमतो तो जिवंत आमिषात. चब नावाचा मासा उन्हाळ्यात कसा धरावा हे त्याने सांगितले आहे, ते वाचताना आपणही श्वास रोखून धरतो. भर उन्हाच्या वेळी झाडाच्या सावलीतला डोह गाठायचा. पाण्याच्या पृष्ठभागाशी चब तरंगत असतात. गळाला नाकतोडा लावायचा आणि झाडाआड उभे राहायचे. काठीची सावली पडताच मासे घाबरून तळाशी जातात. आपण मुळीच हलायचे नाही. हळूहळू ते पुन्हा वर येतात. मग त्यांतला मोठा हेरायचा आणि गोगलगाईच्या चालीने काठीचे टोक त्याच्याकडे न्यायचे. तसाच त्याचा पंखाच्या मुंग्यांचा उपाय. जून ते सप्टेंबर या दिवसांत वारुळातून पंख असलेल्या मुंग्या पंखांना धक्का न लावता गोळा करायच्या, काचेच्या मोठ्या बाटलीत ओलसर माती आणि गवताची मुळे घालून त्यांत त्या जिवंत ठेवायच्या, म्हणजे रोच नावाच्या माशासाठी पुष्कळ दिवस आमिषाची बेगमी होते.

पण ट्राउट माशाची गोष्ट वेगळी. हा मासा थंड, स्वच्छ, वाहत्या पाण्यातला. आपल्या सह्याद्रीच्या नद्या त्याला उष्ण पडतात, म्हणून तो आपल्याकडे नाही; इंग्रजांनी विसाव्या शतकाच्या आरंभी तो काश्मीरच्या प्रवाहांत नेऊन वाढवला. ट्राउटची नजर तीक्ष्ण असते आणि पाण्यावरून वाहत जाणारे लहान लहान कीटक हे त्याचे आवडते खाद्य. असला चिमुकला किडा गळाला टोचला तर फाटून जातो. म्हणून फार पूर्वीपासून लोकांनी एक युक्ती काढली. उघड्या गळावर रेशमाचा धागा, जनावराचे केस आणि पक्ष्याचे पीस गुंडाळून हुबेहूब किडा तयार करायचा. यालाच कृत्रिम माशी म्हणतात. (माशी लावून मासा धरायचा, हा शब्दांचा मेळ मराठीतच जमतो!) १४९६ साली छापलेल्या एका इंग्रजी पुस्तिकेत अशा बारा माश्यांची कृती आहे. वॉल्टननेही बाराच दिल्या, आणि त्यांत जुलै महिन्यासाठी गांधीलमाशीची नक्कल आहे.

मात्र या कलेत आपण कच्चे आहोत हे वॉल्टनला ठाऊक होते. ट्राउटसाठी माशी कशी बांधावी हे सांगताना त्याने थॉमस बार्कर याच्या १६५१ सालच्या पुस्तिकेतील सूचना फारसा फेरफार न करता घेतल्या, आणि त्या त्याच्या आहेत हे मोकळेपणाने सांगितले. हा बार्कर पेशाने आचारी होता. सगळ्याच ठिकाणी मात्र वॉल्टनने ऋण इतके चोख मान्य केलेले नाही. १५७७ सालच्या एका मासेमारीच्या पुस्तकाची एकमेव प्रत १९५४ मध्ये उजेडात आली. त्यातही दोन पात्रांचा संवाद आहे, आणि त्या पात्रांची नावे वॉल्टनच्या पहिल्या आवृत्तीतलीच आहेत. रिचर्ड फ्रँक नावाचा क्रॉमवेलच्या सैन्यातला शिपाईगडी तर वॉल्टनवर उघडच तुटून पडला. याने दुसऱ्यांच्या पुस्तकांतून उचलेगिरी केली आणि नदीकाठी स्वतः काही पाहिले नाही, असा त्याचा आरोप. पाइक नावाचे मासे पाण्यातल्या एका वनस्पतीपासून जन्मतात, असे वॉल्टनने जुन्या विद्वानाच्या आधारे लिहिले होते. फ्रँकने स्टॅफर्ड येथे त्याला यावरून छेडले, तेव्हा वॉल्टन रागावून निघून गेला, असे फ्रँक सांगतो. पाइकच्या बाबतीत फ्रँकचे बरोबर होते यात शंका नाही. पुस्तकात छापले आहे म्हणून खरे मानण्याची खोड आम्हा नव्याने पुस्तके वाचू लागलेल्यांना जास्त असते. ती वॉल्टनलाही होती.

या कच्च्या बाजूला भर घालणारा माणूस त्याला उतारवयात मिळाला. तो चार्ल्स कॉटन. वॉल्टनहून हा सदतीस वर्षांनी लहान. स्टॅफर्डशायर आणि डर्बीशायर यांच्या सीमेवरून डव्ह नदी वाहते, तिच्या काठी बेरेसफोर्ड येथे कॉटनचा वाडा होता. एक खाणावळवाल्याचा मुलगा, दुसरा जमीनदार. एक देवभीरू, दुसरा चावट विडंबने लिहिणारा, कर्जबाजारी आणि दिलदार. तरी दोघांचे असे काही जमले की कॉटन वॉल्टनला वडील म्हणे आणि वॉल्टनने त्याला मुलगा मानले. १६७४ साली कॉटनने डव्ह नदीच्या काठावर मासे धरणाऱ्यांसाठी एक लहानशी दगडी चौकोनी घुमटी बांधली आणि तिच्या दारावर दोघांची आद्याक्षरे एकमेकांत गुंफून कोरली. ती घुमटी आजही उभी आहे. वॉल्टनलाही अक्षरे कोरण्याची हौस असावी : वेस्टमिन्स्टर ॲबेमध्ये विद्वान कॅसोबोन याच्या थडग्यावर १६५८ हे साल आणि वॉल्टनची आद्याक्षरे ओरखडलेली आहेत, ती त्याचीच असे मानतात. आपल्या बाकांवर नावे कोरणाऱ्यांनी हे वाचून हुरळून जाऊ नये.

१६७६ साली 'अँग्लर'ची पाचवी आवृत्ती निघायची होती. वॉल्टन तेव्हा ८३ व्या वर्षात होता. स्वच्छ प्रवाहात कृत्रिम माशीने ट्राउट आणि ग्रेलिंग कसे धरावेत, हा भाग त्याने कॉटनला लिहायला सांगितला. कॉटनने तो दहा दिवसांत लिहून दिला. तो पुस्तकाचा दुसरा भाग म्हणून छापला गेला. त्याच्याच जोडीला रॉबर्ट व्हेनेबल्स याचे मासेमारीवरील पुस्तकही बांधून मिळे. हा व्हेनेबल्स क्रॉमवेलचा सेनापती, म्हणजे एके काळचा शत्रुपक्ष! तेवीस वर्षे आपले पुस्तक गाजत असताना, ज्या विषयात दुसरा आपल्याहून सरस आहे तो विषय त्याच्या हवाली करणे सोपे नसते. विद्वानांच्या जगातही ही गोष्ट फारशी आढळत नाही.

कॉटनचा हा भाग म्हणजे डव्ह नदीचे पंचांगच. बारा महिन्यांच्या माश्या त्याने क्रमाने दिल्या आहेत, एकूण साठाहून अधिक. वसंतात नदीच्या तळाशी वाढलेले कीटक पंख फुटून वर येतात आणि ट्राउटची चंगळ होते. पण उन्हाळा चढू लागला की हा बहर ओसरतो. पाणी उतरते, नितळ होते, मासा काठाच्या सावलीला, झाडांच्या मुळांपाशी दबा धरून बसतो. मग त्याला अन्न पुरवते ती जमीन. गवतातून नाकतोडा उडी चुकून पाण्यात पडतो, फांदीवरून सुरवंट गळतो, भुंगेरा वाऱ्याने ढकलला जातो, उडणाऱ्या मुंग्यांचे थवे पंख भिजून पाण्यावर पसरतात. मुंगीला पंख फुटले की तिचा काळ जवळ आला असे आपण म्हणतो, ते येथे अक्षरशः खरे ठरते. हे जमिनीवरचे किडे कॉटनने नेमके हेरले. जून महिन्याच्या त्याच्या यादीत उडती मुंगी आहे : तपकिरी आणि तांबड्या कॅमलेट नावाच्या लोकरी कापडाचे तंतू मिसळून अंग करायचे आणि वर फिकट करड्या रंगाचे पंख. हिरवा नाकतोडा आहे : हिरवी आणि पिवळी लोकर एकत्र करून तिच्यावर हिरव्या रेशमाचे वेढे, आणि साऱ्यावरून तांबड्या कोंबड्याचे पीस. त्याच्यानंतर मातकट रंगाचा लहान नाकतोडा, तो अंगाने सडपातळ. ऑगस्टमध्ये मुंगी पुन्हा येते, पण रंग बदलून. आता गाईचे काळसर तपकिरी केस, शेपटाशी थोडा लाल धागा आणि गडद पंख.

वॉल्टनची मुंगी बाटलीतली जिवंत, कॉटनची मुंगी कापडाच्या धाग्याची. आयुष्यभर कापड विकलेल्या वॉल्टनने आपल्या ओळखीचे कॅमलेट आणि रेशीम असे माशाच्या तोंडी जाताना वाचले तेव्हा त्याला काय वाटले असेल, असा विचार माझ्या मनात येतो.

कॉटनच्या इतर सूचनाही ऐकण्यासारख्या आहेत. पहिला मासा हाती आला की त्याचे पोट फाडून पाहायचे, म्हणजे त्या दिवशी तो कोणता किडा खात आहे हे कळते. माशीसाठी घेतलेल्या केसांचा खरा रंग पाहायचा तर ते डोळा आणि सूर्य यांच्यामध्ये धरायचे. कारण मासा खालून पाहतो आणि त्याला किडा उजेडाच्या पार्श्वभूमीवर दिसतो. काठी पंधरा-अठरा फूट लांब. दोरा घोड्याच्या शेपटीच्या केसांचा, गळापाशी केवळ दोन केस. एवढ्या नाजूक दोऱ्याने ज्याला वीस इंची ट्राउट काठाला आणता येत नाही, तो गळवाला म्हणवून घेण्यास पात्र नाही असे त्याचे मत. दोरा बारीक हवा आणि माणूस दूर हवा, हा त्याच्या सांगण्याचा गाभा. लंडनहून आलेला पाहुणा जाडजूड माशी बांधतो तेव्हा ती हसण्यासाठी दिवाणखान्याच्या खिडकीत टांगून ठेवीन, असे कॉटन म्हणतो. ही थट्टा खुद्द वॉल्टनच्या पुस्तकात छापली गेली, आणि वॉल्टन तर लंडनच्या पाण्यावर शिकलेला!

जमिनीवरच्या किड्यांची ही शाखा पुढे फार वाढली. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातील लेटॉर्ट नावाच्या ओढ्यावर व्हिन्सेंट मरिनारो याने मुंग्या, भुंगेरे आणि नाकतोडे यांच्या नकलांचा बारकाईने अभ्यास करून १९५० साली ग्रंथ लिहिला. परंतु तिचे बी डव्हच्या काठी १६७६ मध्येच पडलेले होते.

हस्तलिखित मिळाल्यावर वॉल्टनने कॉटनला पत्र लिहिले. आपले वय ८३, मधले अंतर शंभर मैलांहून जास्त, तरी दोन्ही विसरून पुढल्या महिन्यात तुझ्याकडे यायला निघतो, असा त्याचा आशय आहे. त्या काळी शंभर मैल म्हणजे कित्येक दिवसांचा खडतर प्रवास.

कॉटनचे पुढे बरे झाले नाही. वडिलांकडून आलेल्या कर्जात त्याने स्वतःची भर घातली होती. सावकार दाराशी आले की तो वाड्याजवळच्या एका गुहेत लपे, अशी त्या भागातली आख्यायिका आहे. १६८१ साली त्याला बेरेसफोर्डची मालमत्ता विकावी लागली. ज्या नदीचा किडा न् किडा त्याने लिहून ठेवला तिचा काठ त्याच्या हातचा गेला. वॉल्टन तेव्हा जिवंत होता. मॉन्टेनच्या निबंधांचे कॉटनने केलेले भाषांतर १६८५ मध्ये निघाले, तेही नामांकित ठरले. १६८७ च्या फेब्रुवारीत तो लंडनमध्ये वारला.

वॉल्टनची अखेरची वर्षे मात्र शांततेत गेली. दुसरी पत्नी १६६२ साली वारली होती. राजसत्ता परत आल्यावर त्याचे जुने मित्र बिशप झाले होते, आणि बिशप मॉर्ले यांच्या आश्रयाने तो विंचेस्टरकडे राहिला. मुलगा धर्मोपदेशक झाला, मुलगी ॲन विंचेस्टर कॅथीड्रलमधील डॉ. विल्यम हॉकिन्स यांना दिली होती. लेकीच्या घरीच १५ डिसेंबर १६८३ रोजी, वयाच्या नव्वदाव्या वर्षी वॉल्टनने देह ठेवला. त्याला कॅथीड्रलमध्येच पुरले आहे. १९१४ साली इंग्लंड-अमेरिकेतील मासे धरणाऱ्यांनी वर्गणी काढून त्या ठिकाणी त्याच्या स्मरणार्थ रंगीत काचांची खिडकी बसवली.

मृत्यूच्या चार महिने आधी, ऑगस्टमध्ये, त्याने आपल्या हाताने मृत्युपत्र लिहायला घेतले होते. डनने शेवटच्या दिवसांत मित्रांना एकेक मोहोर दिली होती, त्यांतली वॉल्टनकडची मोहोर या मृत्युपत्रावर उमटवलेली आहे. स्टॅफर्डजवळ शॅलोफर्ड येथे त्याने एक शेत आणि घर घेऊन ठेवले होते. ते त्याने जन्मगावच्या गरिबांसाठी ठेवले. त्याच्या उत्पन्नातून दरवर्षी गावातल्या गरिबांच्या दोन मुलांना एखाद्या धंद्यात उमेदवारीला लावावे, एखाद्या मोलकरणीच्या किंवा गरीब मुलीच्या लग्नाला मदत करावी, आणि उरलेल्या पैशातून गोरगरिबांना कोळसा वाटावा. कोळसा केव्हा वाटावा हेही त्याने लिहिले आहे : जानेवारीच्या शेवटच्या किंवा फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात, कारण गरिबांना तो काळ सर्वांत कठीण जातो.